नवे मंच, जुनी उतरंड

आपल्या चळवळीतल्या तरुण लेखकांमध्ये गेल्या काही वर्षांत एक मत जवळजवळ सिद्धांतासारखे मांडले जाऊ लागले आहे. छापील नियतकालिकांचे दिवस संपले. आता संपादकाच्या मर्जीची गरज नाही, छापखान्याच्या उधारीची गरज नाही, पोस्टाच्या तिकिटाचीही नाही. मोबाईलवर लिहावे, वार्तापत्राच्या एखाद्या मंचावर टाकावे आणि ते ई-मेलने थेट वाचकाच्या हाती जावे. तिथे आडनाव विचारले जात नाही. दार सर्वांना उघडे आहे. आपल्यासारखी त्रैमासिके चालवणारी माणसे मात्र अजून पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसली आहेत, असा या बोलण्याचा सूर असतो.

हे मत अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या सत्याची तपासणी पूर्ण असत्यापेक्षा अधिक काळजीने करावी लागते. दार उघडे आहे, हे खरेच. प्रश्न दाराच्या आतला आहे. आत गेल्यावर कोणाला पुढे बसवले जाते, कोणाला मागे, आणि ती बैठक कोण ठरवतो? हे ठरवण्याची एक रीत आहे, तिच्यामागे हिशेब आहे. तो हिशेब समजून न घेता आपले लेखन आणि आपले वाचक तिथे नेऊन ठेवणे धोक्याचे आहे.

आधी जुन्या दाराविषयी. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही, ही हकीकत आपल्याला पाठ आहे. ती आपण अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. पण तिच्यात व्यवहाराचीही एक बाब आहे. नव्या पाक्षिकाला वाचक हवे असतील तर ते कुठून मिळणार? जिथे वाचक आधीच जमले आहेत तिथूनच. आणि ते जिथे जमले होते ती जागा दुसऱ्याच्या मालकीची होती. म्हणजे लेखणी, कागद आणि छापखाना मिळाला तरी तेवढ्याने भागत नाही. वाचकापर्यंतची वाट कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न उरतोच. शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांनी पत्र निघाले, पण १९२३ मध्ये ते बंद पडले. आपल्या विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी एकामागून एक पत्रे काढली. नावे इतकी का, याचा विचार केला तर उत्तर सापडते. प्रत्येक वेळी वाचकांची वाट नव्याने खणावी लागत होती.

साठोत्तरी काळात दार बदलले, पण दारवान राहिला. 'सत्यकथा' हे काही फार खपाचे मासिक नव्हते. तिथे मोजमाप खपाचे नसून अभिरुचीचे होते. त्या अभिरुचीने काय नाकारले याचा राग म्हणून राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ मध्ये त्या मासिकाच्या अंकाची होळी केली. ते योग्य होते की नव्हते, यावर आजही वाद घालणारे आहेत. मला इथे एवढेच नोंदवायचे आहे की ती होळी शक्य होती. नाकारणारा हात दिसत होता. त्याला पत्ता होता, संपादकाचे नाव होते. म्हणूनच त्या नकारातून अनियतकालिके उभी राहिली, गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले.

आता नव्या मंचाकडे येऊ. उदाहरण म्हणून 'सबस्टॅक' घेतो, कारण वार्तापत्रांच्या बाबतीत तो सर्वांत चर्चेतला आहे आणि त्याचे व्यवहार बरेचसे उघड झालेले आहेत. अमेरिकेत २०१७ मध्ये ही कंपनी सुरू झाली. लेखक तिथे आपले वार्तापत्र उघडतो. वाचक आपला ई-मेल पत्ता देतो. लेख लिहिला की तो सर्व पत्त्यांवर जातो. फुकट वाटायचे असेल तर लेखकाला काही द्यावे लागत नाही. वर्गणी लावली तर तिच्यातले दहा टक्के कंपनी घेते. मार्च २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की पैसे भरून घेतलेल्या वर्गण्यांची संख्या ५० लाखांवर गेली आहे.

दहा टक्के ऐकायला अगदी न्याय्य वाटतात. सर्वांना एकच दर; लहान-मोठा भेद नाही. पण हिशेब मांडून पाहा. एका लेखकाचे १०,००० वर्गणीदार आहेत आणि प्रत्येकाची वार्षिक वर्गणी ५०० रुपये. जमा झाले ५० लाख. कंपनीचे ५ लाख. दुसऱ्या लेखकाचे वर्गणीदार ५०, वर्गणी तीच. जमा झाले २५,०००. कंपनीचे अडीच हजार. म्हणजे असे २०० लहान लेखक एकत्र केले तेव्हा पहिल्या एका लेखकाइतकी कमाई होते. त्या २०० जणांच्या तक्रारी २०० असतील, त्यांच्या विसरलेल्या खुणेच्या शब्दांची विचारपूस २०० वेळा करावी लागेल. आता कंपनीच्या व्यवस्थापकाच्या जागी स्वतःला ठेवून सांगा, तुमची माणसे, तुमचा वेळ, तुमच्या पानावरची दर्शनी जागा तुम्ही कोणासाठी खर्च कराल? यासाठी तो व्यवस्थापक दुष्ट असण्याची गरज नाही, जातीयवादी असण्याचीही नाही.

आमच्या गोंदियाकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन पोती धान घेऊन गेलेल्यासाठी मोठी राईस मिल सुरू होत नाही. तिथे ट्रक लागतात, सरकारी भरडाईचे करार असतात. दोन पोत्यांचा माणूस गावातल्या हलरवर जातो. मिलवाल्याने त्याला हाकलले असे कोणी म्हणणार नाही. यंत्रच अशा मापाचे असते की दोन पोती त्याच्या हिशेबात येत नाहीत.

कंपनीने मोठ्यांसाठी काय केले हेही पाहण्यासारखे आहे. २०२१ मध्ये उघड झाले की काही निवडक लेखकांना आगाऊ रकमा देऊन मंचावर आणले गेले. अट अशी की पहिल्या वर्षीच्या वर्गणीतले ८५ टक्के कंपनीचे, नंतर नेहमीचे दहा टक्के. मॅथ्यू इग्लेशियस या आधीच नामांकित असलेल्या अमेरिकन पत्रकाराला अडीच लाख डॉलर मिळाले. त्याची वर्गणी इतकी जमली की आगाऊ रक्कम घेतली नसती तर त्याची कमाई जास्त झाली असती, हे त्यानेच सांगितले. म्हणजे व्यवहारात कंपनीचा तोटा झाला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नोकरी सोडून लिहायला बसणे हा जोखमीचा निर्णय असतो. ज्याचे नाव आधीच झालेले होते, त्याची जोखीम सर्वांत कमी होती; आणि विमा उतरवला गेला तो त्याचाच. ज्याची जोखीम सर्वांत मोठी होती त्याला सांगितले गेले, दार उघडे आहे, या. शिवाय या आगाऊ रकमा नेमक्या कोणाकोणाला दिल्या, त्याची पूर्ण यादी कंपनीने जाहीर केली नाही. सर्वांना समान वाटणाऱ्या मैदानात काही जण तयारीचा खर्च घेऊन उतरले होते आणि बाकीच्यांना ते माहीतही नव्हते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्याच विद्यार्थ्यांकडून येतो. लोकांना जे आवडते तेच वर येणार. यात अन्याय कुठला? चांगले लिहा, वाचक येतील. गुणवत्तेचा हा युक्तिवाद आरक्षणाच्या संदर्भात आपण फार ऐकलेला आहे, म्हणून तो नुसत्या रागाने उडवून लावू नये. त्याची परीक्षा झालेली आहे ती पाहावी.

मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात असताना एक प्रयोग केला. तो २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनोळखी गायकवृंदांची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली. १४,३४१ लोकांनी भाग घेतला. गाणी ऐकायची, गुण द्यायचे, हवे ते गाणे उतरवून घ्यायचे. काही लोकांना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. कोणते गाणे किती जणांनी उतरवले हे दिसत नव्हते. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकले. प्रत्येक गटात आपल्याच गटातल्या आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवले तो आकडा दिसत असे. एका गटाचा आकडा दुसऱ्याला दिसत नसे. सुरुवात सर्वांची शून्यापासून.

दोन गोष्टी दिसून आल्या. जिथे आकडा दिसत होता तिथे विषमता वाढली. वरची गाणी अधिक वर गेली, खालची अधिक खाली. हे अपेक्षित म्हणता येईल. दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. आठ गटांत वर गेलेली गाणी एकसारखी नव्हती. एका गटात जे गाणे पहिल्या काहींत होते ते दुसऱ्या गटात मागे पडलेले होते. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. पण मधल्या सगळ्यांचे काय होईल ते सुरुवातीच्या थोड्या लोकांनी योगायोगाने काय निवडले यावर ठरले. ज्यांना वरचे स्थान मिळाले ते नंतर गुणवत्तेचे फळ म्हणून दाखवता आले असते, आणि कोणाला शंकाही आली नसती.

हा प्रयोग शून्यापासून सुरू झाला होता, हे विसरू नये. प्रत्यक्ष जीवनात कोणीही शून्यापासून सुरू करत नाही. पुण्यामुंबईच्या दैनिकात दहा वर्षे स्तंभ लिहिलेला लेखक नव्या मंचावर येतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या नावापुढे आकडा असतो. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या शिक्षिकेच्या नावापुढे तिच्या तीन मैत्रिणी असतात. आणि मंच हे आकडे नुसते ठेवत नाही, तर दाखवतो. विषयवार अग्रक्रमाच्या याद्या असतात. २०२२ पासून शिफारशीची सोय आहे: एका वार्तापत्राचे सदस्य झालात की त्या लेखकाने सुचवलेली आणखी वार्तापत्रे पुढ्यात येतात. लहानांना उपयोगी वाटणारी ही सोय आहे आणि काही वेळा ती उपयोगी पडतेही. पण ज्याचे वाचक जास्त, त्याच्या शिफारशीला किंमत जास्त. आणि तो शिफारस करतो ती बहुधा आपल्या ओळखीच्या वर्तुळातल्यांची. आपल्या समाजातली वर्तुळे कशी आखलेली असतात हे या त्रैमासिकाच्या वाचकांना मी काय सांगावे?

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये विज्ञानाच्या क्षेत्रातली हीच गोष्ट मांडली होती: प्रसिद्ध शास्त्रज्ञाला थोड्या कामाचेही श्रेय मोठे मिळते, अप्रसिद्धाला तेवढ्याच कामाचे कमी. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून त्याने तिला 'मॅथ्यू परिणाम' हे नाव दिले. गंमत अशी, की त्या निबंधाचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन या संशोधिकेने घेतलेल्या मुलाखती हा होता. निबंध मर्टनच्या एकट्याच्या नावाने छापला गेला; तो दोघांच्या नावाने निघायला हवा होता हे त्याने पुढे मान्य केले. नियम सांगणाराही नियमातून सुटला नाही.

आता वाचक मोजण्याविषयी, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. विडी कामगारांच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते: माल मोजणारा जो असतो, मापही त्याचेच असते. सट्टेदार विड्या मोजतो, त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी देत नाही आणि त्या परतही करत नाही. वार्तापत्राचा वाचक कसा मोजतात? ई-मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एक बारीक चित्र ठेवलेले असते. पत्र उघडल्यावर ते चित्र कंपनीच्या संगणकावरून उतरते आणि तिथे नोंद होते: या पत्त्याने पत्र उघडले. चित्र उतरले नाही तर वाचणारा वाचूनही न वाचलेला ठरतो. नेटवर्क क्षीण आहे, डेटा वाचवण्यासाठी चित्रे बंद ठेवली आहेत, असा वाचक छाट. उलट ॲपल कंपनीने २०२१ पासून आपल्या ई-मेलमध्ये अशी सोय केली की वाचणाऱ्याने पत्र उघडले नाही तरी ते चित्र आधीच उतरवून ठेवले जाते. म्हणजे महागडा फोन बाळगणारा न वाचताही वाचक ठरू शकतो. हा भेद कोणी कट करून केलेला नाही. पण मापाचा झुकाव कुठल्या बाजूला आहे ते दिसते.

याहून मोठी गोष्ट वाचनाच्या पद्धतीची आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. माझ्या हाती वैचारिक नियतकालिक पहिल्यांदा आले ते वर्गणीदार म्हणून नव्हे. कोणीतरी वाचून दिलेला, कडा दुमडलेला अंक होता तो. आपल्याकडे एक अंक विहाराच्या अभ्यासिकेत येतो, मग मुले तो आलटून पालटून नेतात, एखादा लेख कोणीतरी मोठ्याने वाचतो, ऐकणाऱ्यांत सही करता न येणारी बाईही असते. वर्गणीदार एक, वाचक आणि श्रोते किती, ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. नव्या मंचाचा हिशेब पैसे भरणाऱ्या पत्त्यावर चालतो. एकाने भरले आणि वीस जणांनी वाचले, तर ते वीस जण त्याच्या लेखी नाहीत. किंबहुना ते बुडालेले उत्पन्न आहे. ज्या समाजात वाचन सामुदायिक आहे, त्या समाजाचा लेखक वैयक्तिक वर्गणीच्या मापावर नेहमी लहानच दिसणार. त्यात तो झाडीबोलीत, पोवारीत किंवा गोंडीत लिहीत असेल तर विचारायलाच नको.

हा दोष फक्त परदेशी कंपन्यांचा आहे असे समजून सुटका करून घेऊ नये. आपल्या देशी यंत्रणांनी हेच केलेले आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात 'नोंदणीकृत वृत्तपत्र' म्हणून सवलतीच्या दराने जाण्यासाठी दोन अटी होत्या: दोन अंकांमधले अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त नसावे आणि वर्गणीदारांची खरी यादी असावी. दैनिक बसले, साप्ताहिक बसले, मासिक बसले. ज्याच्याकडे दर महिन्याला अंक काढण्याइतके पैसेच नाहीत ते त्रैमासिक बसले नाही. म्हणजे ज्याला सवलतीची गरज जास्त, तोच व्याख्येबाहेर. केंद्र सरकारच्या जाहिरातींसाठी २०१६ च्या धोरणात गुणपद्धती आणली गेली. खपाच्या प्रमाणपत्राला २५ गुण, कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीला २०, पानांच्या संख्येला २०, वृत्तसंस्थेच्या सेवेला १५, स्वतःच्या छापखान्याला १०. कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी मिळावा हे कोण नाकारील? पण जिथे संपादक, मुद्रितशोधक आणि शिपाई एकच माणूस आहे, त्या पत्राला यातले किती गुण मिळणार?

आम्हा प्राध्यापकांचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून 'केअर' यादी लागू केली. त्या यादीतल्या नियतकालिकात छापलेला निबंधच बढतीच्या हिशेबात धरला जाई. परिणाम असा झाला की आमच्यातले चांगले लिहिणारे आपला लेख चळवळीच्या अंकाला देण्यापूर्वी यादी पाहू लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केल्याचे जाहीर केले. यादी गेली, पण त्या काही वर्षांत लावलेली सवय एकदम जाईल असे दिसत नाही.

आणि आपण स्वतः? १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी भारतीय पत्रकारितेवर कठोर टीका केली होती. ती व्यापार झाली आहे आणि नायकांचे ढोल वाजवणे हेच तिने आपले काम मानले आहे, असा तिचा आशय होता. आपण हे भाषण इतरांवर फेकून मारतो. पण तालुक्याच्या ठिकाणी साहित्य मेळावा भरवताना आपण काय करतो? नागपूर-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या नावावर पत्रिका छापतो, त्याचे भाषण संपेपर्यंत मंडप भरलेला असतो. स्थानिक कवींचे वाचन शेवटी ठेवलेले असते, सतरंज्या गोळा करणारी पोरे तेव्हा श्रोत्यांच्या कडेला येऊन उभी असतात. मोबाईलवर आपण पुढे धाडतो ते कोणाचे लेख? ज्यांचे नाव आधीच सर्वांना माहीत आहे त्यांचे. मंचावरचे यंत्र असे काही वेगळे करत नाही. आपण जे करतो तेच ते अधिक वेगाने आणि न थकता करते.

मग नवे मंच वापरायचेच नाहीत का? माझे मत तसे नाही. पोस्टाची परिस्थिती पाहिली तर तसे म्हणणे परवडणारही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सेवा बंद केली. मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' आली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. लहान प्रकाशने याच स्वस्त वाटांवर चालत होती. एकाच वेळी हजार पत्त्यांना आपल्याच संगणकावरून ई-मेल पाठवू म्हणाल, तर तेही सोपे राहिलेले नाही. अनोळखी ठिकाणाहून आलेली पत्रे कचऱ्याच्या खणात पडतात, आणि एका दिवसात पाच हजारांच्या वर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने २०२४ पासून नियम आणखी कडक केले आहेत. तेव्हा वाहून नेणारा कोणीतरी लागणारच. फक्त तो हमाल आहे की मालक, हे आपल्या मनाशी स्पष्ट असले पाहिजे.

'बहिष्कृत भारत'च्या काळाकडे पाहिले तर या बाबतीत बाबासाहेबांची दृष्टी किती व्यवहारी होती ते कळते. ३ एप्रिल १९२७ ला ते पाक्षिक निघाले. अंकाचे चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरून काढावे लागत, आणि याबद्दल त्यांनी फेब्रुवारी १९२८ मध्ये वाचकांना स्पष्ट लिहिले. त्या लेखात खपाची बढाई नाही. पत्राचे ऋण समाजावर आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी वाचकांपुढे ठेवला. वर्गणी, निधी, स्वतःचा छापखाना यांच्यासाठी त्यांनी सतत धडपड केली. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते पत्र थांबले, पण १९३० मध्ये 'जनता' निघाले आणि १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्रे बंद पडली तरी त्यांच्याभोवती जमलेली माणसे विखुरली नाहीत, ती पुढच्या पत्राची झाली. ही माणसे कोण, कुठे राहतात, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नव्हते.

आज त्याचा अर्थ वाचकांच्या पत्त्यांची वही आपल्याकडे असणे. सबस्टॅकबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे: तिथे ई-मेल पत्त्यांची यादी लेखकाला केव्हाही उतरवून घेता येते आणि दुसरीकडे नेता येते. मात्र तिथे दोन प्रकारचे लोक असतात. ई-मेल देऊन सदस्य झालेले एक, आणि मंचावर नुसते तुमच्या मागे असलेले, म्हणजे अनुसरण करणारे, दुसरे. दुसऱ्यांचे पत्ते तुमच्याकडे येत नाहीत. मंच सोडलात की ते गेले. आकडा फुगलेला दिसतो तो बरेचदा या दुसऱ्यांचा असतो. म्हणून तरुण मित्रांना सांगणे आहे की अनुसरण करणारे हजार जमवण्यापेक्षा पत्ता देणारे शंभर जमवावेत, आणि ती यादी दर महिन्याला उतरवून दोन ठिकाणी ठेवावी. त्यातल्या प्रत्येकाचे गाव आणि फोन विचारून घ्यावा.

पैशाची बाब वेगळी आहे. सबस्टॅकवरची वर्गणी 'स्ट्राइप' या कंपनीमार्फतच जमा होते, आणि ती कंपनी २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर उघडते. म्हणजे गोंदियाच्या लेखकाला आत जायला दार आहे, मोफत वाटायला परवानगी आहे, वर्गणी घ्यायची म्हटले की पुन्हा निमंत्रण लागते. तोवर वर्गणी आपल्या नेहमीच्या मार्गाने, यूपीआयने किंवा हातावर घ्यावी आणि पावती द्यावी. अंक ई-मेलने पाठवला तरी अभ्यासिकेसाठी छापील प्रत चालू ठेवावी. आठ तालुक्यांत मिळून तिच्या किती प्रती लागतील, हे बसून मोजता येण्यासारखे आहे. आणि त्या प्रतीच्या मागच्या पानावर एक कोरा चौकोन ठेवावा. जो वाचेल त्याने तिथे आपले नाव आणि गाव लिहावे, ज्याला लिहिता येत नाही त्याचे दुसऱ्याने लिहावे, आणि तीन महिन्यांनी नवा अंक देताना जुन्या अंकाचे ते पान कापून संपादकाकडे पाठवावे.